ऐंशी लिटर

मैनोद्दीन म्हणाला, टाकी ऐंशी लिटरची बसंल,
दोन माणसांना दोन दिवस. फार तर अडीच.
मी हसले. व्यंकटही हसला.
वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून
तो बिचारा आमच्याकडं बघत राहिला.
तो बिदरचा. लातुरात आला तेव्हा
पाण्याची रेल्वे येऊन गेलेली होती.
त्याला काय सांगायचं,
ऐंशी लिटरमध्ये आम्ही आठवडा काढलाय,
पाहुणे धरून.

औसा रोडला, टायरवाल्याच्या मागं
सहा महिने झाले, उभी राहतेय आमची खोली :
दोन चाकं, एक खिडकी, पत्र्याच्या आत थर्माकोल,
दोन फळ्या आणि वर गादी.
गादी तेवढी माझ्या पसंतीची.
बोलेरोच्या मागं जोडायची अन् निघायचं.
आधी कच्छचं छोटं रण, रानगाढवं बघायला,
मग बाडमेरवरून वर,
जैसलमेरकडचं ते वाळूतलं राष्ट्रीय उद्यान.
उद्यान म्हटल्यावर जाऊबाईंनी विचारलं,
झोके आहेत का तिथं?

व्यंकट चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत.
त्याची आखणी कॅलेंडरच्या पाठीवर, लाल पेननं.
कन्नडच्या घाटापुढं त्यानं दोनदा लिहिलंय, ब्रेक.
उतारावर मागचं पुढच्याला ढकलतं, म्हणतो.
पोराच्या लग्नातही हेच म्हणाला होता.

माझी वही वेगळी.
ज्वारीचं पीठ नऊ किलो. येसर.
बीपीच्या गोळ्या पंचवीस दिवसांच्या, वर पाच.
सुई-दोरा. बॅटरी. झाकणाची बादली (का ते विचारू नका).

मग वजन करायला भुईकाट्यावर नेली,
सोयाबीनच्या ट्रकांमागं, लायनीत, भर दुपारी.
काट्यावरच्या पोरानं विचारलं, माल काय लिहू?
रिकामी आहे, व्यंकट म्हणाला.
पोरानं वाकून खिडकीतून बघितलं.
आत मी बसले होते.

एक हिशेब मात्र जुळत नव्हता.
रणात दोन दिवस, बाडमेरला एक,
आणि त्या उद्यानापाशी नऊ.
नऊ दिवस वाळूत करायचं काय?
तो पान्यानं नट आवळत राहिला,
आधीच आवळलेला.
मग म्हणाला, हूम.

पुस्तकात माळढोक. आम्ही पोरं हूमच म्हणायचो.
भूमच्या माळावर होता. लांबून आवाज यायचा,
रिकाम्या रांजणात कुणी बोलावं तसा.
मादी एकच अंडं घालते, उघड्यावर,
खाली काडीसुद्धा नाही.
मी आठ-नऊ वर्षांचा. उचललं. खिशात घातलं.
घरी येईपर्यंत फुटलं.
आईनं विचारलं, कोंबडीचं का?
मी हो म्हणालो.

आता त्या माळावर पवनचक्क्या फिरतात.
तिकडं थोडे उरलेत म्हणे.
दिसतील?
दिसले तर लांबून, तो म्हणाला. दुर्बीण घेतलीय.
जवळ नाही जायचं आपण.

मी काही बोलले नाही.
वहीत नवाचे अकरा केले,
पीठ दोन किलो वाढवलं.

काल ती घरी आली, गल्लीत मावेना.
अर्धी कुलकर्ण्यांच्या फाटकापुढं.
रात्री आम्ही तिच्यातच झोपलो, बघू तरी म्हणून.
कुठं निघलालाव ओ, असं
तिघांनी खिडकीत तोंड घालून विचारलं,
एकानं तर अकरा वाजता.
त्याचा पाय फळीच्या बाहेर. माझा त्याच्या पोटावर.
वर पत्रा थंडीनं कुरकुरत होता,
खाली टप्, मग बराच वेळ काही नाही, मग टप्.

उठले, टाकीखाली पातेलं ठेवलं.
सकाळी मापून वहीत लिहिलं :
गळती, रात्रीला सव्वा लिटर.
मैनोद्दीनला दाखवायची.
पातेल्यातल्या पाण्याचा चहा केला.