आरपार झाल्याशिवाय

गाडीला तीन हिवाळे झाले फक्त.
अठ्ठेचाळीस हप्ते उरलेत अजून
आणि मागच्या चाकाच्या कमानीवर
नखाएवढा एक तपकिरी फोड.

शेटिकांपच्या धक्क्यामागे, एप्रिलच्या उन्हात
गाडी धुवायला घेतली तेव्हा दिसला.
आधी वाटलं, चिखल.
फडक्यानं पुसला. गेला नाही.
नखानं खरवडला,
तर रंगाचा पोपडाच हातात आला,
खाली ओलसर चूर, दालचिनीच्या पुडीसारखा.

मग दिसतच गेलं सगळं.
दारांच्या खालच्या काठाशी नारिंगी ठिपके,
मागच्या झाकणावर पिवळट ओघळ,
आईच्या गालांवर उतारवयात आलेल्या वांगासारखे डाग.
आई म्हणायची, आरसा पुस आधी.
मी दोनदा पुसलं.

शोरूममधला मुलगा नम्र होता.
कॉफी दिली. कागद उलटा फिरवून
बोटानं ओळ दाखवली:
पत्र्याला आतून बाहेर भोक पडलं,
तर पाच वर्षं जबाबदारी कंपनीची.
वरवरचा गंज म्हणजे हवामान.

म्हणजे आरपार होईपर्यंत थांबू?

तसं मी म्हणत नाही, तो म्हणाला.
आणि कॉफीत साखर हवी का विचारलं.

मी रात्रपाळी करते वृद्धाश्रमात.
ओझित म्हातारीची टाच जरा लाल दिसली
की आम्ही उशी सरकवतो, कूस बदलतो,
दर दोन तासांनी, झोपेत असली तरी.
ती शिव्या देते, जुन्या, कोळणीच्या.
देऊ दे.
कातडी फाटायची वाट बघणारा कागद
आमच्याकडे नाही.

शेवटी लेओंसकडे नेली गाडी.
त्यानं चाळीस वर्षं बोटी दुरुस्त केल्या,
आता गुडघे दुरुस्त होत नाहीत म्हणून घरी असतो.
स्टुलावर बसला, कमानीखाली हात घालून
डोळे मिटून चाचपत राहिला.
म्हटलं, नवी आहे हो अजून.
तो म्हणाला, मीठ काय कागदपत्रं बघतं?
खाल्ल्या मिठाला माणसं जागतात, पोरी.
पत्रा नाही जागत.

मग त्यानं मशीन लावलं.
नखाएवढा फोड बशीएवढा झाला,
बशीचा तळहात, तळहाताचे दोन.
बास, बास, मी ओरडले.
तो थांबेना.
चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासायचं, म्हणाला,
लाज वाटून मध्येच थांबलीस
तर रंगाखाली गंज पुन्हा संसार थाटतो.

राखाडी प्रायमरचा हात. एक रात्र वाळवण.
मग कंपनीची इवलीशी बाटली, मोती पांढरा,
किंमत विचारू नका.
लावला, आणि जुळला नाही.
आकडा तोच, नाव तेच,
पण बाटलीत रंग होता पहिल्या दिवसाचा
आणि गाडी तीन हिवाळे पुढे निघून आलेली.
लांबून कळत नाही, लेओंस म्हणाला.
जवळून कळतं.
पैसे घेतले नाहीत. मासे घेतले.

आता नोव्हेंबर. परत पहिलं बर्फ.
घाटातल्या वळणावर माझ्यापुढे
मिठाचा ट्रक, पिवळा दिवा फिरतोय.
प्लासिद चालवतोय, माझा सख्खा भाऊ.
आरशात मला ओळखून
दोनदा ब्रेकचा दिवा लावतो, दरवर्षीसारखा,
आणि मूठ मूठ मीठ भिरकावत पुढे जातो.
चाकांखाली, कमानीखाली, दारांच्या काठाशी
तडतडतं ते.
एकेक दाणा ऐकू येतो मला आता.

शिवी येते तोंडात. ओझितचीच.
पण मीठ नसतं
तर याच वळणावर मी खाली समुद्रात असते,
नव्या गाडीसकट, डागासकट.

अंतर ठेवते थोडं.
फार नाही.
दोन वाजता तिची कूस बदलायची आहे.