पाचवी

कॅशियर विचारते, नॉर्मल की सिझर,
साखर किती टाकू विचारावं तसं.
नॉर्मल चारशे ऐंशी दिनार. सिझर नऊशे.
इन्शुरन्सच्या रकान्यात मी आडवी रेघ मारतो.

आतून सिस्टर येते. म्हणते, सात.
सात सेंटिमीटर, हे मला उशिरा कळतं.
तोवर मी सातशे मोजून
उरलेल्या दोनशेसाठी कुणाला फोन करू
इथवर आलेला असतो.

भिशीत माझा नंबर जुलैचा.
दापोलीच्या मुकादमने त्याचा मार्च सोडला,
म्हणाला, पोर काय जुलैपर्यंत थांबणारे?
शलाकाचा एक गोठ सूकमध्ये वजनावर गेला.
दुसरा हातात आहे. एकटा वाजत नाही.

पहाटे चारला मुलगी. नॉर्मल.
आणि मला आधी झाला तो आनंद
चारशे वीस दिनारचा होता.
मुलीचा नंतर.
हे शलाकाला सांगितलेलं नाही.

बिलात ती 'बेबी ऑफ शलाका'.
नाळेचा चिमटा, सव्वा दिनार.

पाचव्या रात्री, मनामात, तिसऱ्या मजल्यावर
पाटा नाही म्हणून मिक्सरचं भांडं पुजलं.
सटवाईला लिहायला कोरा कागद हवा.
घरात कोरी म्हणजे
एक बिलाचीच मागची बाजू.

सकाळी पाहिलं. काही लिहिलेलं नव्हतं,
पलीकडचे आकडे तेवढे
अलीकडे उलटे उमटलेले.
पेनाचं टोपण उघडं होतं.
मी लावलं.