पँटची शिवण उतरते तिथे

बेल्मीरो, वय अडुसष्ट.
चाळीस वर्षं लिस्बनचे फुटपाथ बसवले,
उकिडवा बसून, डाव्या हातात दगड, उजव्यात हातोडी.
तिसऱ्या ठोक्याला दगडाला चेहरा येतो, म्हणायचा.

गुडघा गेला, हे सगळ्यांना माहीत होतं.
जिन्याला, ट्रामच्या पायरीला,
चर्चमधल्या त्या बाकालाही
जिथे तो आता गुडघे न टेकता नुसती मान झुकवतो.

पण दुखतं तिथे नाहीच, तो म्हणत राहिला.
बाहेरच्या अंगाला, जरा खाली,
पँटची शिवण उतरते तिथे.
झुल्मिरा म्हणाली, गुडघाच तो.
औषधाच्या दुकानातली पोरगी म्हणाली, गुडघाच.
मलमाच्या ट्यूबवरही गुडघ्याचंच चित्र, लाल, वर्तुळं वर्तुळं.

नवी डॉक्टर, फाल्कांव आडनावाची,
काही न बोलता बोट फिरवत आली
वाटीवरून बाहेर, बाहेरून खाली,
आणि खुंटीसारख्या एका उंचवट्यावर थांबून तिने दाबलं.
बेल्मीरोच्या तोंडून जो शब्द निघाला
तो एरवी अंगठ्यावर हातोडी बसली तरच निघायचा.

हा वेगळा सांधा, ती म्हणाली.
नडगीला खेटून एक बारीक हाड उभं असतं ना, त्या दोघांमधला.
बोटाच्या पेराएवढा. याची चौकशी कुणी करत नाही.
काहींच्या पायात या दोन घरांमध्ये दार असतं,
गुडघ्यात पाणी साचलं की इकडे पाझरतं.
आणि दार नसलं तरी
तुम्ही किती वर्षं तिरके चालताय?

बेल्मीरो मोठ्याने हसला.
हे त्याला सांगायचं?
फुटपाथवर गाडी चढते, एक दगड खचतो.
नवशिका तोच उपटतो, वाळू भरतो, ठोकतो,
महिन्याभरात पुन्हा खड्डा.
अरे, खचलेल्याकडे काय बघता,
तो बसला, सुटला!
त्याच्या शेजारी जो सपाट दिसतोय
त्याला बोट लावा.
दुधाच्या दातासारखा हलेल.
किती पोरांना सांगितलं होतं हे,
कितींनी ऐकलं, देव जाणे.

रात्री झुल्मिराने ट्यूब आणली.
तिथे नको, थोडं बाजूला, तो म्हणाला,
आणि तिचं मनगट धरून जागा दाखवायला गेला
तर ती कळवळली.

सहा वर्षं रोज तीन मजले
याच हाताने ती त्याला उतरवत होती.
उजवा. कठड्याच्या बाजूचा नव्हे, त्याच्या बाजूचा.

त्याने अंगठा फिरवला,
हाडावरून, हाडाच्या कडेने,
जसा तो ओल्या वाळूवर फिरवायचा, दगड ठेवण्याआधी.
इथे?

काही नाही रे, थंडीचं, ती म्हणाली.
हात सोड. सूप निवतंय.