माया

वूच शहरातली जुनी सूतगिरणी, तिसरा मजला,
काळ्या पडद्याआड स्कॅनरची खोली.
बोग्ना आत गेली राखाडी तंग कपड्यांत,
पाय जमिनीवरच्या पिवळ्या पावलांवर.
हात जरा लांब धरा, मी बाहेरून सांगितलं,
श्वास रोखू नका.
सात सेकंद.

मग ती माझ्यासमोर उगवली, बिनचेहऱ्याची,
लाखभर ठिपक्यांची,
आणि मी तिला माऊसने गरकन फिरवलं.

उजवा खांदा एकोणीस मिलिमीटर खाली.
सॉफ्टवेअरने विचारलं: दोन्ही सारखे करू?

ती बटणं लावत माझ्यामागे येऊन थांबली.
"पाठीकडून मी आईसारखी दिसते," म्हणाली,
"कुणी बोललं नाही कधी."
मग त्या खांद्यावर बोट ठेवून:
"हा ओव्हरलॉकवर गेला. चौतीस वर्षं
बाह्या जोडल्या कोटांना.
ते कोट सगळे सरळ खांद्यांचे."

मी 'नको' दाबलं.

मंगळवारी नमुना शिवून आला.
पडद्यावर सगळं हिरवं, कुठे ताण नाही, कुठे झोळ नाही.
बोग्नाने कोट घातला, सवयीने हात वर नेला,
ट्राममधला दांडा धरतात तसा,
आणि काखेत टर्रकन वाजलं.
यंत्राने तिला उभीच पाहिली होती.

काख उसवली. आत बोटभर माया होती,
कापड वाया जातं म्हणून
ऑफिस दर महिन्याला छाटायला सांगतं ती.
सगळी सोडली.

तिने पुन्हा हात वर केला.
नसलेली ट्राम सुटली,
एका वळणावर ती किंचित झुकली,
उजवीकडेच.