हरकत अर्ज

अर्ज मीच लिहिला.
अक्षर बरं म्हणून देगलूरच्या संघात
माझ्याकडे हेच काम.
फी पाचशे. दोनशे गोलकीपरने दिले,
त्याच्याच पायांमधून गेला होता बॉल.

'दहा नंबरचा पोशट्टी येमेवार परराज्यातला,
सबब त्याचे दोन्ही गोल बाद धरावेत.'

धर्माबादच्या मैदानात
मंडपाखाली कमिटी बसली.
मिरचीच्या वखारीकडून वारं सुटलं की
सगळेच शिंकायचे,
हरकत घेणारे, घेतलेला, आणि शिक्का मारणारा.

जन्मदाखला बोधनच्या दवाखान्याचा.
टीसी इथल्या झेडपी शाळेची.
रेशनकार्डावर नाव होतं,
एकदा खोडून परत लिहिलेलं.
खुर्शीद सर म्हणाले,
वर्ल्डकपात आजीचं गावसुद्धा चालतं.
मग आणा आजी, कोणीतरी म्हणालं.
ती वारली, पोशट्टी म्हणाला. मराठीत.

आई आली. देठं खुडायचं काम टाकून,
बोटं लालभडक.
घर कुठंय?
भाड्याचं हाय.
कुठल्या बाजूला?
मिरची जिकडं, तिकडं.
रजिस्टरवर अंगठा द्यायच्या आधी
तिने हात पदराला तीनदा पुसला.

निकाल: आम्ही तीन-शून्यने विजयी.
तिसरा गोल कुठून आला
हे मी विचारलं नाही. नियमच तसा असतो.

पोशट्टी गोलजाळीपाशी गेला,
त्याच्या दुसऱ्या फटक्याने फाटलेली जागा
सुतळीने बांधत बसला.
जाळी त्यांच्याच शाळेची होती.

कप एसटीत सीटखाली ठेवला.
बिलोली येईपर्यंत
खड्ड्याखड्ड्याला वाजत राहिला.
कोणी उचलून मांडीवर घेतला नाही.