हालचाल आढळली

गेल्या चैत्रापासून तीन नाद लागलेत मला
आणि तिन्ही अर्धवट.
ऐरोली, सेक्टर आठ, चौथा मजला,
जेवणाच्या टेबलाची डावी बाजू माझी :
सोल्डरिंगची सळई, जळक्या राळेचा वास,
एक वही, तिची पहिली सात पानं भरलेली
आणि आठव्यावर वाण्याची यादी.
हेमांगी म्हणते, रिटायर व्हायला सहा वर्षं आहेत अजून,
एवढी घाई कशाला वेडं व्हायची?

बाल्कनीत पाण्याचं मातीचं भांडं.
त्यावर कोण कोण येतं, बघायचं होतं.
म्हणून भाचीचा तडकलेल्या काचेचा फोन,
साडेतीनशे रुपयांचं बोटभर सर्किट,
हालचाल ओळखणारं एक पांढरं बुबुळ
आणि हे सगळं श्रीखंडाच्या डब्यात,
झाकणाला तापल्या चमच्याने पाडलेलं भोक.
कोडमध्ये एक कंस मिटायचा राहिला
तर यंत्र दोन रात्री रुसून बसलं.
वहीत किती कंस उघडे टाकलेत मी,
तिथं कुणी अडवत नाही.

पहिल्या दिवशी दोनशे एक्केचाळीस फोटो.
सगळे टॉवेलचे.
टॉवेल पाठमोरा, टॉवेल खाडीकडे तोंड करून,
एकात तर चक्क उडायच्या बेतात.
प्रत्येकाखाली यंत्राने इमानाने लिहिलेलं :
हालचाल आढळली.

टॉवेल हलवला.
संवेदनशीलता कमी केली.
तुझी की डब्याची, हेमांगीने विचारलं.

मग आला कावळा, अर्धा.
बुलबुलाची नुसती शेपटी.
रात्री एकला, काहीच नाही,
खाडीपल्याड मुलुंडचे धुरकट दिवे.
रबाळ्याला ऑफिसात इनव्हॉइस जुळवता जुळवता
मी टेबलाखाली फोन बघायचो,
चोरून, कॉलेजातल्या पोरासारखा.

आणि बुधवारी, दुपारी दोन चाळीसला,
एक हात.

शेजारच्या ग्रिलमधून कोपरापर्यंत आलेला,
सुरकुतलेला, एकच बारीक बांगडी,
स्टीलच्या तांब्यातून माझ्या भांड्यात पाणी ओतणारा.
शोशम्मा सिस्टर.
वाशीच्या इस्पितळात तीस वर्षं, मुलगा कुवेतला,
आणि आमच्यातलं आजवरचं सगळं संभाषण
लिफ्टच्या दोन मजल्यांत संपणारं.

सकाळी भरलेलं भांडं संध्याकाळी तसंच भरलेलं दिसायचं.
मी समजत होतो, पाखरं कमी पितात.

मागचे फोटो उघडले. घाईत पुसायचे राहिलेले.
सोमवारी हात. शनिवारी हात, तांब्याऐवजी मग.
एकात पाणी ओतून झालंय,
आणि दोन बोटं तशीच पाण्यात टेकवलेली,
कुणाचा ताप बघावा तशी.

फोटो म्हणाल तर टाकाऊ.
फोकस ग्रिलवर, ऊन भसाभस, कोपर कापलेलं.
गेल्या माघात भाड्याच्या लेन्सने
दिव्याच्या जेट्टीवरून टिपले होते मी फ्लेमिंगो,
सगळे वाहवा म्हणाले.
शेजारी उभ्या माणसाच्या कॅमेऱ्यातही तेच होते,
त्याच पायावर उभे.

दाखवू का तिला? की पुसून टाकू?
पाखरांसाठी लावलेल्या डोळ्याने
विचारल्यावाचून एक माणूस पाहिलं होतं.
रात्री वही घेऊन बसलो,
तिच्या हाताला शब्द शोधत.
औदार्य लिहिलं, खोडलं. माया लिहिलं, खोडलं.
शेवटी साबुदाण्याच्या खाली लिहिलं :
तांबे एक, दुपारी.

सकाळी डबा अंगठाभर डावीकडे वळवला,
तिची ग्रिल चौकटीबाहेर जाईल इतकाच.
भांडं मुद्दाम अर्धंच भरलं.

दोन त्रेचाळीसला टेबलाखाली फोन थरथरला.
फोटोत कुणीच नव्हतं.
काठोकाठ पाणी,
आणि त्यावर एकात एक चार वर्तुळं
अजून न निवलेली.
खाली तीच ओळ, तीच,
मी ती मोठ्याने वाचली असावी,
कारण बाजूच्या टेबलावरचा देवव्रत म्हणाला,
काय झालं साहेब?