तालुक्याचा चित्रकार

मानवतला, जिनिंगच्या मागं, दोन खोल्यांच्या घरात
बाबांनी एक गोरी बाई टाचली होती भिंतीला.
चार पिना, एक गंजलेली.
रद्दीच्या गठ्ठ्यात आली होती,
कुठल्याशा फ्रेंच पुस्तकाचं एकच पान.

पांढरा झगा, छातीखाली बांधलेला,
मागं राखाडी भिंत.
ना पडदा, ना खिडकी, ना मांडीवर कुत्रं.
नोटरीची बायको असंल, बाबा म्हणायचे,
बघ कशी बसलीय,
खुर्ची सांजच्याला परत द्यायचीय जणू.

चित्रकाराचं नाव पानाच्या घडीत झिजून गेलेलं.
साल उरलं होतं, अठराशे चार किंवा सात,
आणि एक गाव, जे आम्हाला कुणालाच वाचता येईना.
पॅरिसला राहिला असता तर
राजे काढले असते यानं, घोडे, तोफा.
हा आपल्यासारखा. तालुक्याचा चित्रकार.
आणि चहा बशीत ओतत हसायचे, एकटेच.

औरंगाबादेत शिकताना ऐकलं होतं त्यांनी
की त्या काळी तिकडं माणसं संगमरवरासारखी काढायची रीत होती,
रेषा म्हणजे रेषा,
ब्रशचा फटकारा दिसला की कमीपणा.
पण हिच्या कानाची पाळी बघ, लाल आहे.
थंडीनं, का कुणी आतून हाक मारली म्हणून.
दगडाचा कान लाल होतो का?

डावा हात शालीखाली.
हात जमत नव्हता गड्याला, बाबा हळूच म्हणाले.
त्यांना कळणारच.
त्यांनी रंगवलेल्या सगळ्यांचे हात खिशात,
पाठीमागं, उपरण्याखाली:
संस्थेचे अध्यक्ष, बाजार समितीचे सभापती,
एका वर्षात वारलेले दोन हेडमास्तर,
पासपोर्ट फोटोवरून, अर्ध्या पैशात.
सही इतकी कोपऱ्यात
की फ्रेमवाल्याच्या पट्टीखाली जायची.

ग्रेडच्या परीक्षेआधी
खंदारे सर आम्हाला जिनिंगच्या आवारात न्यायचे.
पांढऱ्या रंगाची ट्यूब दप्तरात ठेवा.
ढिगात काय काय दिसतं ते लिहा.
मी लिहिलं, निळा, गव्हाळ, सावलीत जांभळट.
रुस्तुम सुरवशानं लिहिलं, सरकी.
त्याला दहापैकी दहा.

मग एका उन्हाळ्यात आईला बसवलं.
लोखंडी खुर्ची, मागं चुना.
पांढरी साडी नेस म्हणाले.
नवरा समोर उभा असताना
पांढरं कामून नेसू मी?
लिंब्या रंगाची नेसून बसली,
मांडीवर सूप, सुपात तूर.
रिकामी बसणार नाही म्हणाली,
तुम्ही काढा काय काढायचं ते.

चेहरा एका दुपारीत झाला.
हात आठ दिवस.
बोटं खड्यावर जायची, उचलायची, पुढं सरकायची,
बाबा पुसायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा पुसायचे,
एकदा ब्रश टाकून अंगणात जाऊन उभे राहिले.
जिनिंगमधून कापूस उडून यायचा,
ओल्या रंगावर बसायचा.
पहिले काही तंतू चिमट्यानं काढले,
मग सोडून दिलं.

प्रदर्शनातून चित्र परत आलं,
पाठीवर खडूनं लिहिलेला एक नंबर.
त्यावर कुणी काही बोललं नाही घरात.

बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली.
आई पांढरं नेसली नाही, तेव्हाही.
घर आवरताना पान सापडलं नाही,
भिंतीवर चार भोकं
आणि त्यांच्यामधला चुना जरा उजळ.
त्या न वाचता येणाऱ्या गावात
नोटरीच्या बायकोकडं कोण बघत असेल,
का तिथंही नुसती भोकंच.

आईचं चित्र माझ्याकडं आहे, परभणीत.
फ्रेमवाल्याला बजावलं होतं,
पट्टी आत घेऊ नको, कोपऱ्यात सही असंल.
सही नव्हतीच.
अंगठ्यापाशी मात्र एक तंतू आहे,
अर्धा रंगात रुतलेला, अर्धा मोकळा.
पंखा लावला की हलतो.
आई म्हणते, तेवढा उपटून टाक बाई,
घाण दिसतंय.